भरतीची वेळ, कागदाची वेळ

(एका चित्रकला शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ रत्नागिरीत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



स्मृतिव्याख्यानाला आलेल्या पाहुण्यानं दिवंगत व्यक्तीच्या चार आठवणी सांगाव्यात, अशी अपेक्षा असते. सरांच्या आठवणी माझ्यापेक्षा जास्त असलेले त्यांचे विद्यार्थी या सभागृहात बसलेले आहेत. ते काम त्यांचं. सरांनी आठवडाभर शाळेत चित्रकला शिकवली आणि सुट्टीच्या दिवशी समुद्र रंगवला. तेव्हा त्यांच्या नावानं बोलायचं तर त्यांच्या कामाबद्दलच बोलावं, असं मी ठरवलं. विषय मर्यादित आहे : जलरंगात समुद्रकिनारा कसा रंगवावा, आणि तो कोकणचा असेल तर काय वेगळं करावं लागतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला मध्येच उठावं लागलं तरी पंचाईत व्हायला नको. किनाऱ्याचं जलरंगचित्र हा रंगांचा प्रश्न कमी आणि वेळेचा जास्त आहे. तिथे तीन घड्याळं एकाच वेळी चालू असतात. एक भरती-ओहोटीचं, दुसरं उन्हाचं आणि तिसरं कागद वाळण्याचं. या तिन्हींचा मेळ बसला तर साधारण हातही बरं चित्र करून जातो. तो बसला नाही तर हात कितीही तयार असो, कागद मळतो. आपल्याकडे शिकवताना ब्रश कसा धरावा, वॉश कसा द्यावा हे सगळं सांगितलं जातं, पण किती वाजता जाऊन बसावं हे फारसं कुणी सांगत नाही. आज त्याबद्दल बोलू.

आधी थोडा इतिहास. पाण्यात कालवलेले रंग आपल्याला नवे नव्हते. पोथ्यांमधली चित्रं, लघुचित्रं सगळी त्याच रंगांची. पण त्यांत रंग दाट बसवायचा आणि कागद झाकायचा, अशी रीत होती. पारदर्शक रंगाचा पातळ थर देऊन खालचा कागद उजळ ठेवायचा, ही पद्धत इंग्रजांबरोबर आली. ती आली तीही कलेच्या हौसेपेक्षा कामासाठी. कॅमेरा नव्हता, तेव्हा किल्ला कसा दिसतो, बंदरात शिरताना डोंगर कुठे येतो, हे लष्कराला आणि नौकानयन करणाऱ्यांना कागदावर हवं असायचं. झटपट वाळणारे, खिशात मावणारे रंग त्याला सोयीचे. थॉमस आणि विल्यम डॅनिएल हे काका-पुतणे १७९३मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी इथली लेणी, इथलं दृश्य कागदावर उतरवलं. त्याच सुमारास पुण्यात जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या हाताखाली गंगाराम तांबट हा आपला माणूस लेण्यांची चित्रं करत होता. पुढे १८५७मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, १८८८मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली, आणि निसर्गचित्र हा आपल्या चित्रकारांचा रीतसर अभ्यासविषय झाला.

मात्र तंत्राबरोबर त्या देशाचं ऊनही पुस्तकांतून आलं, आणि आपण ते विचार न करता घेतलं. लंडन साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे, रत्नागिरी सतरावर. तिकडे सूर्य बराच वेळ तिरपा असतो, संधिप्रकाश रेंगाळतो, सावल्या लांब पडतात. इथे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच संपते. अशा उन्हात माडाला गोलाई दिसत नाही, खडकाला बाजू दिसत नाही, वाळू नुसती डोळ्यांवर येते. इंग्रजी पुस्तकातला सल्ला वाचून कुणी अकरा वाजता मांडवीच्या किनाऱ्यावर बसला तर त्याचं चित्र सपाट होणार, आणि दोष तो आपल्या हाताला देणार. आपल्या किनाऱ्यावर साधारण नऊच्या आत किंवा चारच्या पुढे बसावं. उन्हाच्या घड्याळाबद्दल मला एवढंच सांगायचं आहे.

भरती-ओहोटीचं घड्याळ जास्त रंजक आहे, आणि ते तुम्हा सगळ्यांच्या घरात भिंतीवर टांगलेलं आहे. कालनिर्णय काढा आणि तिथी बघा. कोळी बांधवांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवा की ओहोटी. थोडं पुढे-मागे होतं, पण चित्रकाराला एवढं पुरतं.

आता हा हिशेब चित्राच्या अंगानं बघा. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराला, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. त्याच दिवसांत उधाण असतं, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त मागे जातं. मुंबई-अलिबागकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास वर-खाली होतं. गोव्याकडे जाता जाता हा फरक निम्म्यावर येतो. रत्नागिरी मध्ये कुठेतरी. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सूर्य पाण्यात मावळतो. या सगळ्याचा अर्थ असा, की पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास नेमकी सूर्यास्ताच्या वेळी सगळ्यात रुंद ओली वाळू तुमच्यासमोर पसरलेली असते, आणि तिच्यात अख्खं आकाश उतरलेलं असतं. अष्टमीला याच वेळी भरती असते, तीही भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची. वाळूचा अरुंद पट्टा उरतो, तोही कोरडा. एकाच जागी, एकाच महिन्यात, एकाच वेळी बसलात तरी आठ दिवसांत विषय बदलतो. तिथी न बघता निघालेला चित्रकार नशिबावर हवाला ठेवून निघालेला असतो.

आता प्रत्यक्ष बघण्याकडे येऊ. समुद्र रंगवताना पहिली अडचण क्षितिजाची. ते सरळ असतं आणि आडवं असतं, एवढं पट्टी लावून सांभाळता येतं. अवघड आहे ते त्याची जागा ठरवणं. क्षितिज नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर येतं. वाळूत बसलेल्या माणसाला ते जेमतेम पावणेचार किलोमीटरवर असतं, उभं राहिलं की साडेचारवर जातं, आणि शंभर मीटरच्या टेकडीवर चढलात तर पस्तीस किलोमीटरवर. म्हणून वाळूत बसून काढलेल्या चित्रात समुद्र ही एक बारीक पट्टी असते आणि पलीकडच्या होडीचं शीड क्षितिजाच्या वर जातं. थिबा पॉइंटच्या उंचीवरून काढलेल्या चित्रात तोच समुद्र भलामोठा होतो आणि होड्या त्याच्या पोटात येतात. बसून होडी काढायची आणि समुद्र मात्र टेकडीवरून पाहिल्यासारखा रुंद दाखवायचा, हा घोळ कॅलेंडरवरच्या चित्रांत सर्रास दिसतो.

दुसरी अडचण रंगाची. समुद्रात आकाशाचं प्रतिबिंब पडतं हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून नवशिका आकाश आणि समुद्र एकाच निळ्यात रंगवतो. दोन्ही एकमेकांत मिसळून जातात आणि चित्रातला समुद्र उभ्या भिंतीसारखा दिसतो. प्रत्यक्षात क्षितिजाशी समुद्र आकाशापेक्षा गडद असतो. त्याला कारण आहे. शांत तळ्यात दूरच्या पाण्यावर क्षितिजालगतचं फिकट आकाश उतरतं. समुद्रावर मात्र सतत लहान-मोठ्या लाटा असतात, आणि दूरवर पाहताना लाटांची आपल्याकडे झुकलेली बाजूच तेवढी दिसते, मागची लपते. या झुकलेल्या बाजूवर क्षितिजाच्या बऱ्याच वरचं, जास्त गडद आकाश उमटतं. म्हणून दूरचं पाणी निळं-करडं आणि भारी, आणि त्याच्या वरचं आकाश फिकट. हा एक फरक कागदावर बरोबर पडला की पाणी आपोआप आडवं होतं. त्यासाठी लाटा काढाव्या लागत नाहीत.

लाट जवळ येऊन उभी राहते तेव्हा तिच्या माथ्याजवळ पाण्याची जाडी कमी असते आणि मागून ऊन असलं तर तिथे हिरवट उजेड दिसतो. फेस पांढरा दिसतो तो फक्त उन्हाच्या बाजूला. सावलीतला फेस निळसर-जांभळट करडा असतो, आणि कधी कधी मागच्या आकाशापेक्षाही गडद. पांढऱ्या फेसाला कागद कोरा सोडायचा आणि त्याच्या खालच्या कडेला एवढी एक पातळ सावली द्यायची, की फेसाला उंची येते. ओल्या वाळूतल्या प्रतिबिंबाचा नियमही लक्षात ठेवण्यासारखा आहे : गडद वस्तूचं प्रतिबिंब तिच्यापेक्षा थोडं फिकट, फिकट वस्तूचं थोडं गडद.

वाळूचा रंग हा तर रत्नागिरीकरांना सांगायला नको. तुमच्या गावाला काळा समुद्र आणि पांढरा समुद्र असे दोन आहेत. मांडवीच्या वाळूत इल्मेनाइट असतं, लोह आणि टायटॅनियम असलेलं जड खनिज. लाट परतताना हलकी वाळू ओढून नेते आणि हे काळं मागे राहतं, म्हणून तिथल्या वाळूवर लाटांच्या काळ्या नक्षीदार रेघा उमटतात. मिऱ्याकडच्या पांढऱ्या समुद्रावर तसं नाही. एवढं डोळ्यांसमोर असताना आपली मुलं वाळू म्हटली की पिवळ्या रंगाच्या वडीकडे हात नेतात. मांडवीची ओली वाळू बर्न्ट सिएनात फ्रेंच अल्ट्रामरीन मिसळून येते. हे दोन रंग एकमेकांना मारतात आणि प्रमाण बदलेल तसा गरम तपकिरीपासून थंड पोलादी करड्यापर्यंत कुठलाही सूर देतात. अल्ट्रामरीनचे कण पाण्यात एकत्र गोळा होतात. खरबरीत कागदाच्या खळग्यांत ते खाली बसतात आणि रंग दाणेदार दिसतो. वाळूसाठी ही आयती सोय आहे. आणि जांभा? जांभ्याच्या कड्याला लाइट रेड किंवा बर्न्ट सिएना जवळजवळ जशाच्या तशा लागतात. पावसानंतर त्यावर शेवाळ आलं की त्यात थोडं हिरवं. तिकडे अलिबाग-मुरूडचा किनारा रंगवायला गेलात तर जांभा नाही, काळा कातळ आहे, आणि सगळी रंगयोजना थंड होते.

आता तिसरं घड्याळ, कागदाचं. जलरंगात ज्याला तंत्र म्हणतात त्याचा निम्मा भाग म्हणजे कागद किती ओला आहे ते ओळखणं. वॉश दिल्यावर कागद तिरका धरून उजेडाकडे बघा. आधी पाणी डोळ्यांत चकाकतं. तेव्हा टाकलेला रंग वाटेल तिकडे पळतो. मग चकाकी मंद होते. तेव्हा ढगाची, दूरच्या डोंगराची मऊ कड मिळते. मग चकाकी जाते, पण कागद अजून गार असतो. हा सगळ्यात धोक्याचा काळ. या वेळी पाणी जास्त असलेला ब्रश टेकवलात की रंग बाहेर ढकलला जातो आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो. तळहाताची मागची बाजू कागदाला लावून गारवा गेला असेल तरच पुढचा थर द्यावा. यापलीकडे कुठलंही गुपित नाही.

पण हा कालावधी जागेप्रमाणे बदलतो, आणि इथे कोकणची हवा आपली परीक्षा पाहते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी वॉश कागदाच्या खालच्या टोकाला पोचेपर्यंत वरचा वाळलेला असतो. इथे जुलैत चहा पिऊन आलात तरी तो ओलाच. देशावरचा चित्रकार इकडे आला की घाई करतो आणि चिखल करतो. इथला तिकडे गेला की त्याच्या वॉशमध्ये पट्टे पडतात. एकाच दिवसातही हवा बदलते. सकाळी मतलई वारे जमिनीकडून वाहत असतात, तेव्हा हवा शांत आणि त्यातल्या त्यात कोरडी. दुपारी खारे वारे सुरू झाले की बोर्ड हलायला लागतो आणि ओल्या रंगात वाळूचे कण येऊन बसतात.

ओल्या हवेचा दुसरा उपद्रव कागदाला. जलरंगाच्या चांगल्या कागदात सरसासारखं खळीचं द्रव्य असतं. रंग लगेच आत शोषला जाऊ नये, वर खेळता राहावा म्हणून. पावसाळ्यात कागद उघडा ठेवला तर या खळीवर बुरशी येते. डोळ्यांना काही दिसत नाही. वॉश दिल्यावर मात्र आकाशाच्या मधोमध ठिपके उमटतात, कारण तिथे खळ गेलेली असते आणि कागद टीपकागद झालेला असतो. तीनशे ग्रॅमचा कापसाचा कागद आज महाग आहे. तो जूनच्या आधी भरपूर घेऊन ठेवण्यात शहाणपणा नाही. लागेल तसा आणावा आणि प्लॅस्टिकमध्ये बांधून कोरड्या जागी ठेवावा. आणि जाता जाता एक : समोर समुद्र आहे म्हणून त्याचंच पाणी रंगाला घेऊ नका. पाण्यातले क्षार कागदात राहतात आणि हवेतली ओल खेचत राहतात. समुद्रात भिजलेला शर्ट आठवा.

एवढं झाल्यावर एक चित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघू. जागा भाट्याचा किनारा. दिवस कार्तिकी पौर्णिमेच्या आसपासचा, म्हणजे पाऊस गेलेला, हवा धुतलेली. वेळ पाच. पाणी उतरतंय. आपण सुरूच्या बनाकडे पाठ करून उत्तरेकडे आणि थोडं पश्चिमेकडे बघतोय. समोर काजळीच्या खाडीचं तोंड, पलीकडे राजिवडा आणि मांडवी, आणि त्यामागे समुद्रात घुसलेला रत्नदुर्गाचा डोंगर.

पेन्सिलनं फक्त क्षितिज, डोंगराची कड आणि दोन होड्या. बाकी काही नाही. मग ब्रश ओला करण्याआधी ठरवायचं, की कागद कुठे कोरा राहणार : फुटणाऱ्या लाटेची रेघ, ओल्या वाळूतली उन्हाची एक पट्टी, आणि एका होडीची उन्हाकडची बाजू. एकदा रंग लागला की हा पांढरा परत मिळत नाही. १८३४पासून चायनीज व्हाइट नावाचा पांढरा बाजारात आहे, ब्लेडनं खरवडताही येतं, आणि टर्नरसारखा माणूस तर खरवडणं सर्रास वापरत असे. होडीच्या दोरखंडाला मी त्याला हरकत घेणार नाही. फेसाला मात्र घेईन. वरून लावलेला पांढरा रंग शेजारच्या कोऱ्या कागदापुढे खडूसारखा दिसतो.

पहिला वॉश सगळ्या कागदाला एकदमच. वर अल्ट्रामरीनमध्ये किंचित लाइट रेड, क्षितिजाकडे येताना ते विरत रॉ सिएनाचा पातळ पिवळसर उजेड. तिथे थांबायचं नाही. तोच वॉश समुद्रावरून खाली वाळूपर्यंत न्यायचा, कारण ओली वाळू या वेळी आकाशच असते. खाली येताना पुन्हा निळ्याकडे वळायचं. कोरे ठरवलेले तुकडे चुकवत जायचं. मग बोर्ड तिरका ठेवून हात मागे घ्यायचे. चकाकी मंद झाली की डोंगर : अल्ट्रामरीन आणि लाइट रेडचा जांभळट करडा, वरची कड मऊ, पायथ्याशी थोडा गरम. हा एकाच दमात टाकायचा. डोंगरावरचं देऊळ, तटबंदी, दीपगृह या वेळी दिसतात म्हणून काढायची नसतात. या उजेडात डोंगर हा एकच आकार असतो.

आता कागद पूर्ण वाळू द्यायचा. गारवा गेला की क्षितिजाखालचा गडद पट्टा, चपट्या ब्रशनं, ब्रश जवळजवळ कोरडा आणि कागदाला आडवा धरून, एकदाच. खरबरीत कागदाच्या उंचवट्यांवरून रंग जातो, खळगे कोरे राहतात, आणि पाणी चमकायला लागतं. पुन्हा हात फिरवलात की चमक गेली. मग फेसाखालची सावली. मग पुढच्या वाळूला सिएना आणि अल्ट्रामरीनचा गडद वॉश. तो ओला असतानाच होड्यांची प्रतिबिंबं उभ्या फटकाऱ्यांनी खाली ओढायची. शेवटी माणसं. खाडीच्या तोंडाशी मुळे, म्हणजे शिंपले, काढायला बायका उतरलेल्या असतात, वाकलेल्या. एक ठिपका डोक्याचा, एक फटकारा पाठीचा, खाली तेवढंच प्रतिबिंब. चेहरे, साडीचे काठ नकोत. वाकलेली पाठ बरोबर पडली की बाई मुळे काढतेय हे गावातलं पोर ओळखतं.

एवढ्यात सूर्य गेला. चित्र झालं किंवा नाही, काम थांबलं. आपल्याकडे अंधार झपाट्यानं पडतो आणि डोळ्यांना रंग दिसेनासे झाल्यावर घातलेली भर दुसऱ्या दिवशी हमखास नडते.

महाराष्ट्रातल्या चित्रकारांनी ही तिन्ही घड्याळं आपापल्या परीनं सांभाळली. दोन टोकांची दोन नावं घेतो, दोन्ही कोकणाशी बांधलेली. सावळाराम लक्ष्मण हळदणकर १८८२मध्ये सावंतवाडीत जन्मले. दिवा हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलीचं त्यांचं चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पाहणाऱ्यांना ते तैलरंगातलं वाटतं, पण ते जलरंग आहे. थरावर थर, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर, आणि हाताची पूर्ण हुकमत. दुसरे प्रल्हाद अनंत धोंड. जे. जे.चे अधिष्ठाता, ‘रापण’ या आठवणींच्या पुस्तकामुळे मराठी वाचकांना परिचित, आणि जलरंगातल्या समुद्राचे मानकरी. त्यांचा समुद्र ओल्या कागदावर थोडक्या वॉशमध्ये उतरतो. वाळूला एक, पाण्याला एक, मध्ये कोरा कागद, आणि दूर एखादी होडी. हळदणकरांनी कागदाला थांबायला लावलं, धोंड कागदाबरोबर धावले. किनाऱ्यासाठी मला धोंडांचा मार्ग जास्त जवळचा वाटतो. समोरची गोष्टच थांबत नसेल तर थरावर थर देत बसणं परवडत नाही. पण एक ध्यानात ठेवा : एवढं थोडं काढून समुद्र दाखवायचा तर समुद्र पाठ असावा लागतो. धोंडांचं चित्र बघून ‘यात काय, दोन फटकारे’ म्हणणाऱ्यानं स्वतः ते दोन फटकारे मारून बघावेत.

आता थोडं कटू. आपली किनाऱ्याची चित्रं एकसारखी होत चालली आहेत. वाकलेला माड, रिकामी होडी, लाल सूर्य. याला मोबाइल बराचसा जबाबदार आहे. सूर्यास्ताच्या फोटोत आकाश सांभाळताना जमीन काळी पडते, आणि त्यावरून केलेल्या चित्रातही सावल्या काळ्या येतात. प्रत्यक्षात त्या सावल्यांत निळा, जांभळा, जांभ्याचा लाल असं बरंच काही असतं. फोटोत लाट गोठलेली असते. आपला डोळा मात्र लाट उठताना, फुटताना आणि परतताना बघतो, आणि चांगल्या चित्रातली लाट या तिन्हींची मिळून असते. फोटो आठवणीला ठेवा, त्यावरून रंगवू नका.

आणि जे आहे ते काढा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढून झावळ्यांनी किंवा निळ्या ताडपत्र्यांनी झाकलेल्या असतात. ओल्या आकाशाखाली तो निळा किती बोलतो. मिऱ्याचा बंधारा आहे, त्याचे दगड आणि त्यावर आपटणारं उधाण आहे. जेटीवर प्लॅस्टिकचे क्रेट आहेत, बर्फाच्या गाड्या आहेत, खाडीच्या काठचं कांदळवन आहे, वाळूवर पसरलेली मर्यादवेल आहे. किनारा झपाट्यानं बदलतोय. वाळू कुठे खचतेय, कुठे भर पडतेय, कुठे हॉटेल उभं राहतंय. आज प्रामाणिकपणे केलेलं भाट्याचं चित्र पन्नास वर्षांनी पुरावा म्हणून बघितलं जाईल. टपालातून पाठवायच्या कार्डासाठी केलेलं चित्र कुणी बघणार नाही.

शेवटी शिक्षकांसाठी आणि आयोजकांसाठी एक विनंती. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या तयारीसाठी आपण मुलांकडून स्मरणचित्र घटवून घेतो. त्यात किनारा आला की ती दोन डोंगर, मध्ये सूर्य, पुढे नागमोडी निळ्या रेघा काढतात. समुद्रापासून दहा मिनिटांवर राहणारी मुलं समुद्र न बघता काढतात, याचा दोष त्यांच्याकडे जात नाही. त्यांना वर्षातून एकदा तरी कागद, एक ब्रश, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन असे दोनच रंग आणि घरच्या पाण्याची बाटली घेऊन वाळूत बसवा. परीक्षेत गुण वाढतील की नाही सांगता येत नाही. त्या परीक्षेला समुद्र ठाऊक नाही.

आणि आयोजकांनो, पुढच्या वर्षी या व्याख्यानाची तारीख ठरवताना पंचांग पाहा. ती पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपासची ठेवा. साडेचारला मुलांना आणि पाहुण्याला, दोघांनाही भाट्यावर न्या, सूर्य मावळेपर्यंत रंगवू द्या, आणि मग वाळलेली चित्रं भिंतीवर लावून सभा भरवा. वक्त्याचा अर्धा तास कमी झाला तरी चालेल. सरांच्या नावाला तोच कार्यक्रम जास्त शोभेल.